सुई आणि खाच : कार्ट्रिज निवडण्यामागचे विज्ञान

गिरण्यांचे भोंगे बंद झाल्याला आता बरीच वर्षे लोटली, तरी लालबाग-चिंचपोकळीच्या चाळींतील माळ्यांवर त्या काळातील पुष्कळ वस्तू अजून शिल्लक आहेत. ग्रामोफोनच्या तबकड्या ही त्यांपैकी एक. बालगंधर्वांची नाट्यपदे, शाहिरांचे पोवाडे, 'गीतरामायणा'च्या एलपी, गणपतीत मंडपात लावायच्या भक्तिगीतांच्या तबकड्या. चिंचपोकळीचा सार्वजनिक गणेशोत्सव १९२० साली सुरू झाला. कॅसेट येईपर्यंतच्या काळात अशा उत्सवांत कर्ण्यावरून वाजणारे संगीत हे तबकडीवरचेच असे. भायखळा ओलांडून दक्षिणेला चोरबाजारात गेले, तर मटन स्ट्रीटवर अशा तबकड्यांचे गठ्ठे आजही पाहायला मिळतात.

गेल्या काही वर्षांत या तबकड्यांकडे लोक पुन्हा वळले आहेत. नवे टर्नटेबल घेतले जाते, माळ्यावरचा गठ्ठा खाली येतो आणि मग एक प्रश्न हमखास विचारला जातो : "कार्ट्रिज कोणते चांगले?" प्रश्न बाजारातला वाटतो, पण त्याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या शालेय पुस्तकात आहे. भूमिती, तरंगलांबी, विद्युतचुंबकीय प्रवर्तन, अनुनाद आणि थोडी संभाव्यता एवढ्या भांडवलावर ते शोधता येते. ते शोधणे जरूरही आहे. चुकीच्या सुईने तबकडी वाजवली, तर आवाज वाईट येतो एवढ्यावर भागत नाही, तबकडीची खाच कायमची झिजते. काही जुन्या ध्वनिमुद्रणांच्या फारच थोड्या प्रती उरल्या आहेत. अशा एका प्रतीवर चुकीची सुई दहा वेळा फिरली, तर जे गेले ते कोणत्याही संगणकाने परत आणता येत नाही.

खाचेत काय लिहिलेले असते?

तबकडीवर काठापासून मध्यापर्यंत जाणारी एकच सर्पिल खाच असते. एलपीच्या एका बाजूला साधारण २२ मिनिटांचे संगीत मावते. मिनिटाला ३३⅓ फेरे या हिशेबाने ते सुमारे ७३३ फेरे झाले. फेऱ्याची सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटर धरली, तर खाचेची लांबी ४६० मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर भरते. हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगे आहे.

खाचेचा छेद इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा असून तिच्या दोन भिंतींमध्ये ९० अंशांचा कोन असतो. आवाजाच्या कंपनांप्रमाणे ही खाच डावीउजवीकडे नागमोडी वळणे घेते. कार्ट्रिजच्या सुईचे टोक या वळणांवरून जाताना हलते आणि त्या हालचालीचे विजेत रूपांतर होते.

हालचाल किती सूक्ष्म असते ते पाहू. सेकंदाला १००० कंपने असलेला, बऱ्यापैकी मोठा स्वर वाजत असताना टोकाचा कमाल वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर असतो. वेगाला २π आणि कंपनसंख्या यांच्या गुणाकाराने भागले की कंपविस्तार मिळतो. तो येतो सुमारे ८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सव्वाशेवा हिस्सा. हा झाला मोठा आवाज. त्याहून ६० डेसिबलने क्षीण स्वराचा कंपविस्तार याच्या एक हजारांश, म्हणजे ८ नॅनोमीटर असतो. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा हा सुमारे सत्तरावा हिस्सा झाला. सूक्ष्मदर्शकाला जे दिसणार नाही ते सुईला जाणवते.

आता दुसरी बाजू पाहू. तोच वेग ठेवून कंपनसंख्या सेकंदाला १०,००० केली, तर टोकाचे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ३२० पट होते. एवढ्या त्वरणाने हलवायच्या वस्तूचे वस्तुमान थोडे जरी वाढले, तरी लागणारे बल खाचेच्या भिंतीला सोसवत नाही. म्हणून चांगल्या कार्ट्रिजमध्ये हलणाऱ्या भागाचे परिणामी वस्तुमान मिलिग्रॅमहूनही कमी ठेवलेले असते. सुई ज्या बारीक दांडीच्या टोकाला बसवतात, ती दांडी अॅल्युमिनियमची पोकळ नळी असते ती याचसाठी.

पहिली निवड : टोकाची जाडी

जुन्या तबकड्या मुख्यतः दोन जातींच्या आहेत. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या आणि नंतरच्या व्हिनाइलच्या एलपी व ४५ फेऱ्यांच्या ईपी. पहिल्या जातीतील खाच काठाशी साधारण १५० मायक्रॉन रुंद असते, तर एलपीची जेमतेम ५५ मायक्रॉन.

सुईचे टोक गोलाकार धरू. ९० अंशांच्या खाचेत r त्रिज्येचा गोल ठेवला, तर तो दोन्ही भिंतींना जिथे टेकतो त्या दोन बिंदूंमधील अंतर r√2 येते. विद्यार्थ्यांना काटकोन त्रिकोणाची आकृती काढून हे सहज सिद्ध करता येईल. एलपीसाठीच्या गोल टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते, म्हणून स्पर्शबिंदूंमधले अंतर सुमारे २५ मायक्रॉन. ते ५५ मायक्रॉन रुंदीच्या खाचेत, भिंतींच्या साधारण मध्यावर येते. हे योग्य झाले. ७८ च्या सुईची त्रिज्या सुमारे ६५ मायक्रॉन. तिचे स्पर्शबिंदू ९२ मायक्रॉन अंतरावर येतात. १५० मायक्रॉनच्या खाचेत तेही ठीक.

अदलाबदल केली तर काय होईल? ६५ मायक्रॉनचे टोक एलपीच्या खाचेत शिरूच शकत नाही. ते काठांवर बसते आणि काठ घासत जाते. उलट, १८ मायक्रॉनचे टोक ७८ च्या खाचेत थेट तळाशी जाते. तिथे भिंतींचा आधार नसतो, असते ती अनेक वर्षांची धूळ. सुई इकडून तिकडे आपटत राहते आणि संगीतापेक्षा खरखर जास्त ऐकू येते. लोक म्हणतात, "तबकडी खराब झाली आहे." पुष्कळदा तबकडी चांगली असते, सुई चुकीची असते.

एच.एम.व्ही.च्या 'फिएस्टा'सारख्या पेटीतल्या जुन्या प्लेअरमध्ये कार्ट्रिजला एक लहानशी कळ असे. ती फिरवली की एलपीची सुई वर जाऊन ७८ ची खाली येई. आपल्या देशात ही सोय फार गरजेची होती, कारण १९६० च्या दशकातही येथे ७८ च्या तबकड्या निघत होत्या आणि एकाच घरात दोन्ही जाती नांदत होत्या. आजच्या टर्नटेबलबरोबर येणारी सुई मात्र जवळजवळ नेहमीच फक्त एलपीची असते. यंत्रावर ७८ चा वेग लिहिलेला दिसला म्हणजे ७८ वाजवता येतात, असे समजू नये.

दुसरी निवड : टोकाचा आकार

एलपीचा वेग ठरलेला असला, तरी सुईखालून खाच सरकण्याचा वेग ठरलेला नसतो. काठाजवळ, १४.६ सेंटिमीटर त्रिज्येवर, तो सेकंदाला ५१ सेंटिमीटर असतो. मध्याजवळ, ६ सेंटिमीटर त्रिज्येवर, तो फक्त २१ सेंटिमीटर उरतो. वेगाला कंपनसंख्येने भागले की तरंगलांबी मिळते. १०,००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी काठाशी ५१ मायक्रॉन, तर मध्याशी अवघी २१ मायक्रॉन.

एवढ्या जवळजवळ आलेल्या वळणांत १८ मायक्रॉन त्रिज्येचा गोल पूर्णपणे शिरू शकत नाही. जाड खडूने बारीक अक्षर गिरवायला घेतले, तर जे होते तेच इथे होते. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स', 'श' ही अक्षरे फाटल्यासारखी येतात. त्यावर उपाय म्हणजे लंबगोल टोक. ते भिंतींना टेकते त्या दिशेने अरुंद (५ ते ८ मायक्रॉन) आणि आडव्या दिशेने मात्र १८ मायक्रॉन असते. त्यामुळे ते तळाला न जाता बारीक वळणे वाचू शकते. १९७० च्या दशकात जपानमध्ये तयार झालेला 'शिबाता' आकार त्यापुढची पायरी. त्याचा भिंतीशी स्पर्श उभ्या रेषेत लांबट असतो. त्यामुळे वजन जास्त जागेवर विभागले जाते आणि झीज कमी होते.

मग सर्वांनी शिबाता घ्यावी काय? नाही. टोक जितके धारदार, तितके ते नेमक्या कोनात बसवावे लागते. थोडे तिरके बसले, तर गोल टोकापेक्षा वाईट वाजते. शिवाय पूर्वी जाड सुईने पुष्कळ वाजवलेल्या तबकड्यांची वरची भिंत घासलेली असते. अशा तबकडीवर गोल आणि लंबगोल दोन्ही टोके वाजवून पाहावीत. त्यांतले जे टोक न घासलेल्या भागावर टेकेल ते स्वच्छ वाजेल.

किती भार द्यावा?

आजच्या बहुतेक कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅम भार पुरतो. दोन ग्रॅम म्हणजे नगण्य, असे वाटणे साहजिक आहे. पण हा भार पेलणारी जागा किती आहे? १८ मायक्रॉनच्या हिऱ्याच्या टोकाखाली व्हिनाइल किंचित दबते आणि प्रत्येक भिंतीवर साधारण ४ मायक्रॉन त्रिज्येचा वर्तुळाकार स्पर्श तयार होतो. भार भागिले क्षेत्रफळ केले, तर दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींच्या घरात जातो. व्हिनाइल लवचीक असल्याने तो क्षणभर सोसते आणि पूर्ववत होते.

यावरून एक चुकीची समजूत दूर होईल. तबकडी जपण्यासाठी भार शक्य तितका कमी ठेवावा, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात भार फार कमी असला, तर मोठ्या आवाजाच्या जागी सुई भिंतीपासून सुटते आणि पुन्हा आपटते. अशा आपटण्याने खाच अधिक खराब होते. उत्पादकाने दीड ते दोन ग्रॅम अशी मर्यादा सांगितली असेल, तर वरच्या टोकाजवळ राहणे हिताचे. भार मोजायला सोनाराकडे असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा पुरेसा आहे.

पूर्वीच्या चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहूनही जास्त भाराने पोलादी सुई दाबत असे. लाखेच्या तबकडीत दगडाची भुकटी मिसळलेली असे. ती सुईला घासून खाचेच्या आकाराची करी, आणि म्हणूनच दर बाजूला सुई बदलावी लागे. त्या सुईने व्हिनाइलची तबकडी एकदा जरी वाजवली, तरी ती संपलीच.

हालचालीतून वीज : तीन प्रकार

कार्ट्रिजचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिला प्रकार दाबविद्युत परिणामावर चालतो. काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार निर्माण होतो, हे प्येर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० साली दाखवले. सुरुवातीच्या कार्ट्रिजमध्ये रोशेल क्षाराचा स्फटिक वापरत. त्यातून भरपूर व्होल्टता मिळे, पण हा स्फटिक उष्णतेने आणि दमट हवेने बिघडतो. मुंबईच्या जुलै महिन्यात त्याचे काय होत असेल, हे सांगायला नको. माळ्यावरच्या जुन्या प्लेअरमधून आवाजच येत नाही याचे कारण पुष्कळदा हेच असते. पुढे स्फटिकाच्या जागी सिरॅमिक आले. ते दमटपणा सोसते आणि व्होल्टचा काही दशांश भाग देते, म्हणून स्वस्त वर्धकालाही चालते. मात्र त्याची दांडी ताठ असते आणि भार तीन ते पाच ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त लागतो.

दुसरा प्रकार चलचुंबकाचा. दांडीच्या मागच्या टोकाला इवलासा चुंबक असतो. तो स्थिर वेटोळ्यांसमोर हलतो आणि फॅरडेने १८३१ साली शोधलेल्या प्रवर्तनाच्या नियमानुसार वेटोळ्यांत वीज निर्माण होते. साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट मिळतात. या प्रकाराचा मोठा फायदा असा, की सुई दांडीसकट ओढून काढता येते आणि नवी बसवता येते. अमेरिकेतील शुअर कंपनीचे १९६४ साली आलेले व्ही-१५ हे या जातीतील गाजलेले कार्ट्रिज. या कंपनीने २०१८ साली कार्ट्रिजचे उत्पादन थांबवले. त्यामुळे जुने शुअर हाती असलेल्यांना आता इतरांनी बनवलेल्या सुयांवर अवलंबून राहावे लागते. कार्ट्रिज निवडताना त्याची सुई पुढे मिळत राहील काय, हा प्रश्न विचारावा तो यासाठी.

तिसरा प्रकार चलवेटोळ्याचा. येथे चुंबक स्थिर असून वेटोळे हलते. केसाहून बारीक तारेचे मोजके वेढे असल्याने हलणारे वस्तुमान कमी ठेवता येते, पण व्होल्टताही फक्त ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट मिळते. त्यासाठी वेगळा पूर्ववर्धक लागतो. सुई झिजली की संपूर्ण कार्ट्रिजच बदलून घ्यावे लागते. जपानच्या डेनन कंपनीचे डीएल-१०३ हे १९६० च्या दशकात तेथील प्रसारण संस्थेसाठी तयार झालेले कार्ट्रिज या प्रकारचे आहे. त्याची सुई साधी गोल आहे आणि तरीही ते आज आवडीने वापरले जाते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

येथे एक बारकावा आहे. सिरॅमिक कार्ट्रिज टोकाच्या विस्थापनाला प्रतिसाद देते, तर चुंबकीय कार्ट्रिज टोकाच्या वेगाला. तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच फार रुंद वळणे घेऊन शेजारच्या खाचेत घुसेल. उंच स्वर मुद्दाम वाढवतात, म्हणजे ते तबकडीच्या खरखरीत बुडत नाहीत. २० हर्ट्झला साधारण दहावा हिस्सा आणि २०,००० हर्ट्झला दहा पट, असे हे प्रमाण १९५४ च्या सुमारास सर्वमान्य झाले. वाजवताना नेमके याच्या उलट करावे लागते. 'फोनो' असे लिहिलेल्या जोडणीत हीच योजना केलेली असते. चुंबकीय कार्ट्रिज साध्या जोडणीत लावले, तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो तो यामुळे. ७८ च्या तबकड्यांत मात्र हे प्रमाण कंपनीगणिक वेगवेगळे होते. म्हणून त्यांना वाजवताना खर्ज-तार नियंत्रणाला हात लावण्यात काही गैर नाही.

टोनआर्म आणि कार्ट्रिज यांची जोडी

दांडी ज्या रबरी आधारावर टेकलेली असते, तो एक स्प्रिंगच होय. त्यावर टोनआर्मचे आणि कार्ट्रिजचे वस्तुमान आहे. स्प्रिंग आणि वस्तुमान आले की अनुनाद आला. टोनआर्मचे परिणामी वस्तुमान व कार्ट्रिजचे वस्तुमान यांची बेरीज ग्रॅममध्ये M मानू आणि दांडीची लवचीकता, म्हणजे एका मिलिन्यूटन बलाने ती किती मायक्रॉन हलते ते, C मानू. मग अनुनादाची कंपनसंख्या १५९ भागिले √(M×C) इतकी येते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असावी.

याचे कारण समजण्यासाठी वर्गात एक प्रयोग करता येईल. रबरबँडला एक छोटे वजन टांगून दुसरे टोक हातात धरा. हात सावकाश वरखाली करा, वजन हाताबरोबर जाईल. हात फार भरभर हलवा, वजन जागेवर राहील आणि रबर ताणला जाईल. मधल्या एका गतीला वजन वेड्यासारखे उसळेल. टोनआर्मचेही असेच होते. वाकड्या तबकडीच्या चढउताराबरोबर टोनआर्मने सावकाश वरखाली व्हावे, पण २० हर्ट्झच्या वरच्या संगीताला त्याने स्थिर राहावे. वाकलेल्या तबकडीचे हेलकावे मुख्यतः ६ हर्ट्झच्या खाली असतात. म्हणून उसळण्याची जागा या दोहोंच्या मध्ये ठेवायची.

उदाहरण घेऊ. ऑर्टोफॉन या डॅनिश कंपनीच्या २एम रेड कार्ट्रिजचे वस्तुमान ७.२ ग्रॅम आणि लवचीकता २० आहे. दहा ग्रॅमचा टोनआर्म आणि एक ग्रॅमचे स्क्रू धरले, तर M = १८.२ आणि उत्तर ८.३ हर्ट्झ. जोडी जमली. हेच कार्ट्रिज २५ ग्रॅमच्या जुन्या जड टोनआर्मवर लावले, तर उत्तर ६.२ हर्ट्झ येते. वाकडी तबकडी आली की सुई उडालीच. उलट, डीएल-१०३ ची दांडी ताठ आहे. जपानी कंपन्या लवचीकता १०० हर्ट्झला मोजून सांगतात. १० हर्ट्झला ती त्या आकड्याच्या पावणेदोन ते दोन पट धरावी. त्याप्रमाणे ५ ऐवजी १० घेऊ. कार्ट्रिज ८.५ ग्रॅमचे आहे. दहा ग्रॅमच्या टोनआर्मवर उत्तर ११.७, म्हणजे मर्यादेच्या कडेला. वीस ग्रॅमच्या टोनआर्मवर ९.४, म्हणजे उत्तम. सारांश, "कोणते कार्ट्रिज चांगले?" याला "कोणत्या टोनआर्मवर?" असे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

चाळीत राहणाऱ्यांसाठी यात आणखी एक मुद्दा आहे. जुन्या चाळींच्या जमिनी लाकडी तुळयांवर असतात. कोणी खोलीत चालले की ती जमीन सेकंदाला काही वेळा वरखाली होते, आणि ही कंपने टोनआर्मच्या अनुनादाच्या धोक्याच्या जवळ असतात. टर्नटेबल टेबलावर ठेवण्यापेक्षा जाड विटांच्या भिंतीत घट्ट बसवलेल्या फळीवर ठेवले, तर सुई उडणे बहुतेक थांबते. भारी कार्ट्रिज घेण्यापूर्वी हा स्वस्त उपाय करून पाहावा.

जुन्या मोनो तबकड्यांसाठी

७८ च्या आणि सुरुवातीच्या एलपी मोनो आहेत. त्यांत खाच फक्त आडवी हलते. स्टीरिओ तबकडीत दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज असतात, त्यामुळे सुई वरखालीही हलते. जुन्या मोनो कार्ट्रिजची दांडी वरखाली हलू शकत नाही, म्हणून त्याने स्टीरिओ तबकडी वाजवू नये. उलटे मात्र चालते, नव्हे फायद्याचे ठरते. मोनो तबकडी स्टीरिओ कार्ट्रिजने वाजवून दोन्ही वाहिन्यांची बेरीज केली, तर दोन्ही भिंतींवरचे संगीत सारखेच असल्याने दुप्पट होते. भिंतींवरची खरखर एकमेकींशी संबंध नसलेली असल्याने ती फक्त √2 पट होते. एक पैसा खर्च न करता ३ डेसिबलचा लाभ! वर्धकावर 'मोनो' असे बटण असेल, तर ते दाबावे.

आपल्याकडे दोन्ही जातींच्या तबकड्या असतील, तर ज्याच्या एकाच सांगाड्यात वेगवेगळ्या सुया बसतात असे चलचुंबकी कार्ट्रिज सर्वांत सोयीचे. जपानच्या ऑडिओ-टेक्निका कंपनीच्या व्हीएम-९५ मालिकेत गोल, लंबगोल, शिबाता आणि ७८ साठीची जाड अशा सुया मिळतात. ऑर्टोफॉनच्या २एम मालिकेतही ७८ साठी वेगळे कार्ट्रिज आहे. सुई बदलल्यावर भार पुन्हा मोजायला विसरू नये, कारण ७८ च्या सुईला तो जास्त लागतो.

आवडते म्हणजे काय?

एवढे झाल्यावरही दोन-तीन कार्ट्रिज सारखीच योग्य ठरतील. त्यांतले आवडते कोणते, हे कानांनी ठरवायचे. पण कान सहज फसतात. समजा, एक कार्ट्रिज ३.५ मिलिव्होल्ट देते आणि दुसरे ५.५. आवाजाची कळ न हलवता दोन्ही ऐकली, तर दुसरे जवळजवळ ४ डेसिबलने मोठे वाजेल. थोडा मोठा आवाज आपल्याला "जास्त स्पष्ट, जास्त जिवंत" वाटतो. किंमत माहीत असली, तर महाग कार्ट्रिज गोड लागते.

म्हणून परीक्षा अशी घ्यावी. दोन्ही कार्ट्रिजवर एकाच तबकडीचा एकच तुकडा संगणकावर ध्वनिमुद्रित करावा आणि दोन्हींची पातळी सारखी करावी. मग एका विद्यार्थ्याने पडद्याआड नाणे उडवून त्याप्रमाणे एक तुकडा लावावा. ऐकणाऱ्याने कोणते कार्ट्रिज ते ओळखावे. असे दहा वेळा करावे. नुसत्या अंदाजाने आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६, म्हणजे साडेपाच टक्के. नऊ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का. नऊ बरोबर आली, तर फरक खरोखर ऐकू येतो असे म्हणायला आधार मिळाला. सहा बरोबर आली, तर स्वस्त कार्ट्रिज घ्यावे आणि उरलेल्या पैशांत तबकड्या घ्याव्यात. औषधांच्या चाचण्यांत जी पद्धत वापरतात तीच ही. ती वर्गात शिकवायला याहून चांगले निमित्त सहसा मिळणार नाही.

झीज, धूळ आणि पाऊस

हिऱ्याची सुईही झिजते. साधारण १००० तास हे तिच्या आयुष्याचे बाहेरचे माप मानतात. तेवढ्या वेळात ती सुमारे १३०० किलोमीटर खाच तुडवते, म्हणजे जवळजवळ मुंबईहून दिल्ली. झिजलेल्या टोकाला सपाट कडा येतात आणि त्या कडा पटाशीसारख्या खाच तासतात. चोरबाजारातून आणलेल्या प्लेअरची सुई किती चालली आहे हे कळायला मार्ग नसतो. तिने पहिली तबकडी वाजवण्यापूर्वी शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली टोक पाहावे, किंवा सरळ नवी सुई घ्यावी.

चिंचपोकळी भागात गिरण्यांच्या जागी बांधकामे चालू असल्याने धूळ भरपूर आणि पावसाळ्यात बुरशीही. दर वेळी तबकडी मऊ कुंचल्याने पुसावी. सुई मागून पुढे, खाच जशी सरकते त्याच दिशेने, झटकावी. बुरशी आलेली व्हिनाइलची तबकडी शुद्ध पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुता येते. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट कधीही लावू नये. सुतार लाकडाला पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, हे आठवले की कारण लगेच कळेल.

वेग बरोबर आहे काय, हे विद्यार्थी स्वतः तपासू शकतात. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. कागदाच्या चकतीच्या कडेला समान अंतरावर १८० काळ्या रेघा काढून ती फिरवली, तर ३३⅓ फेऱ्यांना रेघा स्थिर दिसतात. ७८ साठी ७७ रेघा लागतात. पुष्कळ एलईडी दिव्यांत हा चढउतार नसतो, म्हणून ट्यूबलाइटच वापरावी.

मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या ध्वनिमुद्रिकांची माहिती जमवण्याचे आणि संग्राहकांना एकत्र आणण्याचे मोठे काम केले आहे. पण सगळ्या तबकड्या संग्राहकांकडे नाहीत. कितीतरी अजून घराघरांत, कपाटांवर आणि माळ्यांवर आहेत. एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी अशी तबकडी निघाली, तर ती वाजवून पाहण्याची घाई करू नये. आधी ती ७८ ची आहे की एलपी ते पाहावे, ती लाखेची की व्हिनाइलची ते ठरवावे, स्वच्छ करावी, योग्य जाडीची नवी सुई लावावी, भार मोजावा आणि पहिल्याच वेळी वाजवताना ध्वनिमुद्रण करून ठेवावे. या क्रमात सर्वांत महाग कार्ट्रिज कुठेच लागत नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.